आलूबोंडा आणि लाखोरीची डाळ

१९८२ च्या हिवाळ्यात मी सातवीत होतो. दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की सिंदेवाहीच्या आसपासच्या गावांत मंडई भरायची आणि रात्री नाटक असायचे. झाडीपट्टीतले नाटक दहाच्या पुढे उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. त्यामुळे नाटकाइतकीच महत्त्वाची असते ती मंडपाच्या कडेची चूल. आमच्या भागात एक काकाजी अशी चूल मांडत. एरवी ते स्टेशनाच्या रस्त्यावर बसत आणि मंडईच्या दिवसांत गावोगाव फिरत. त्यांच्याकडे एकच पदार्थ मिळे, आलूबोंडा. पळसाच्या पानांच्या द्रोणात दोन बोंडे फोडून त्यावर पातळ, लाल रस्सा ओतून देत.

त्या बोंड्याचे कवच जाड आणि खरबरीत असे. रंग बेसनाचा पिवळा नसे, जरा मातकट असे. रस्सा ओतला तरी ते लगेच मऊ पडत नसे. त्याला एक वास होता. तो कशाचा, हे मला पुढची चाळीस वर्षे सांगता आले नाही.

त्याच वर्षी शाळेत विज्ञानाच्या गुरुजींनी भेसळीचा धडा शिकवला. लाखोरीच्या डाळीने माणसाचे पाय जातात, तिच्या विक्रीला सरकारची बंदी आहे आणि काही लोक तिचे पीठ बेसनात मिसळतात, असे त्यांनी सांगितले. ते बरोबरच सांगत होते. त्याच आठवड्यात मी नाटकाला गेलो आणि दहा-बारा गिऱ्हाइकांसमोर काकाजींना मोठ्याने म्हणालो, "काकाजी, तुमच्या बोंड्यात लाखोरी आहे का? त्यानं लंगडं होते म्हणतात." दोघे-तिघे हसले. एकाने द्रोण खाली ठेवला. काकाजींनी माझ्याकडे पाहिले आणि कढईतला घाणा काढला. बोलले काहीच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांची चूल दिसली नाही.

मी पेशाने स्टेशनरीचे दुकान चालवणारा माणूस. संशोधनाचे कुठले शिक्षण माझ्याकडे नाही. पण हा बोंडा पुन्हा सापडला पाहिजे, असे पन्नाशी ओलांडल्यावर फार वाटू लागले. या लेखात त्या शोधाची हकीकत आहे. चवीचा शोध म्हणून निघालो होतो, पोहोचलो मात्र शेतात.

एक पदार्थ, अनेक गावे

आधी शोधाची पद्धत सांगतो. हरवलेला पदार्थ शोधायचा तर त्याचे भाऊबंद कुठे कुठे आहेत आणि कशाने वेगळे झाले, हे पाहावे लागते. बटाट्याचा मसालेदार गोळा पिठात बुडवून तळणे ही एवढीच कृती. पण तिची महाराष्ट्रभर वेगवेगळी रूपे आहेत.

मुंबईत तो पावात गेला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गाडी पकडता पकडता एका हातात धरून खाता येईल आणि गिरणी कामगाराच्या खिशाला परवडेल, असे ते खाणे होते. मी ज्या वर्षी काकाजींना बोललो, त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. काम गेलेल्या अनेक घरांनी पुढे वडापावच्या गाडीवरच संसार चालवला. नाशिककडे मसाला भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात. कच्छमधल्या मांडवीच्या दाबेलीत वडा नाही, बटाट्याचे गोड-तिखट सारण थेट पावात दाबले जाते. आणि पाव हा शब्द आपल्याला ज्यांच्यामुळे मिळाला त्या पोर्तुगिजांच्या गोव्यात, संध्याकाळच्या गाड्यांवर रव्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ काप पावात घालून कटलेट-पाव म्हणून मिळतो.

जगातही असेच दिसते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९३० मध्ये इटालियन बाजारापाशी हॉट डॉग विकणाऱ्या पॅट ऑलिव्हिएरी याने गोमांसाचे पातळ काप परतून लांबट पावात घातले. तो स्टेक सँडविच आज त्या शहराची ओळख आहे. शिकागोत त्याच मांसाचे काप रश्श्यात भिजवून पावात भरतात. उरुग्वेचा राष्ट्रीय म्हणावा असा सँडविच आहे 'चिव्हितो'. या शब्दाचा अर्थ करडू, पण आत असते गोमांस. त्याची गोष्ट अशी सांगतात की, १९४० च्या दशकात पुंता देल एस्ते या समुद्रकाठच्या गावी एका उपाहारगृहात अर्जेंटिनातली एक बाई आली आणि तिने आपल्या मुलखातल्या आठवणीचे करडाचे मांस मागितले. ते नव्हते. मालकाने गोमांसाचा काप पावात घालून दिला आणि नाव मात्र तिने मागितलेलेच राहिले. एका माणसाची हरवलेली चव शोधताना देशाला दुसराच पदार्थ मिळाला.

या सगळ्या उदाहरणांतून मला एक साधा नियम हाती लागला. सारण थोड्याफार फरकाने सारखेच असते. पदार्थ वेगळा होतो तो बाहेरच्या भागामुळे, म्हणजे पावामुळे किंवा कवचामुळे. आणि बाहेरचा भाग ठरतो त्या मुलखात कोणते धान्य स्वस्तात मिळते त्यावरून.

पाव नसलेला मुलूख

आता विदर्भाकडे येऊ. इथे पहिला फरक नावाचाच आहे. पश्चिम किनाऱ्याने पोर्तुगिजांचा 'बटाटा' घेतला, आपण हिंदीशेजारी असल्याने 'आलू' म्हणतो. आणि 'वडा' हा शब्द आपल्याकडे आधीच गुंतलेला होता. वडाभातातला वडा हा डाळींचा. तीन-चार डाळी रात्री भिजत घालायच्या, सकाळी जाडसर वाटायच्या आणि तळायच्या. म्हणून बटाट्याच्या वड्याला वेगळे नाव लागले असावे, असे मला वाटते. दक्षिणेकडचा बोंडा इथे सोयीचा पडला. कपाशीचे बोंड रोज पाहणाऱ्यांना तो आकारही ओळखीचाच होता.

दुसरा फरक पावाचा. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल हा सगळा धानाचा पट्टा. रोजच्या जेवणात भात. त्या काळी आमच्याकडे पाव आजाऱ्याला चहासोबत देत. गोंदिया ते चांदा फोर्ट ही तेव्हाची छोटी लाईन गावातून जायची. तिच्या डब्यांतून आलू, कांदे, कापड, माणसे येत, पण पावाची भट्टी काही त्या गाडीमागे आली नाही. त्यामुळे बोंडा पावात न जाता रश्श्यात गेला. मुंबईकराला एक हात मोकळा हवा होता. नाटकाला बसलेल्या माणसाला रात्र काढायची होती, दोन्ही हात मोकळे होते आणि थंडीत काहीतरी गरम हवे होते.

म्हणजे आमच्या बोंड्यात बाहेरचा भाग फक्त कवच. माझ्या नियमाप्रमाणे चवीचे उत्तर तिथेच असायला हवे होते.

लाखोरी

शाळेतला तो प्रश्न मी विसरलो नव्हतो, त्यामुळे संशय अर्थातच लाखोरीवर होता. या डाळीला नागपूरकडे लाख किंवा लाखोळी म्हणतात. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, डाळीची डार होते आणि लाखोळीची लाखोरी. हिंदीत ती खेसारी किंवा तिवरा. दिसायला तुरीच्या डाळीसारखी.

ती पेरायची रीत पाहिली की ती गरिबाचे पीक का झाली ते कळते. धान कापणीला आठ-पंधरा दिवस उरले असताना, उभ्या धानातच, ओलसर चिखलात तिचे बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून नेले की खाली लाखोरी उगवून आलेली असते आणि उरलेल्या ओलाव्यावर वाढते. जवसही असाच उतेऱ्याने येतो. पाऊस कमी झाला तरी लाखोरी तग धरते, जास्त झाला तरीही.

हा तिचा गुणच तिचा शापही ठरला. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या सागर भागाची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून सलग तीन वर्षे तिथला गहू बुडाला, एकदा गारपिटीने, एकदा अवर्षणाने, एकदा रोगाने. वाचली ती फक्त तिवरा. लोक तिच्यावर जगले. १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. स्पेनमध्येही हेच धान्य आहे. १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदचे लोक त्याच्या पिठाची लापशी खाऊन जगले, आणि चित्रकार गोयाने त्यांचे जे चित्र कोरले त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली दिसते. चित्राचे नावच मुळी त्या धान्याचे आभार मानणारे आहे. उपासमारीतून वाचवले म्हणून आभार, आणि पाय नेले ते चित्रात दिसतेच.

दोष कशाचा, हे कळायला १९६४ उजाडले. त्या वर्षी भारतीय शास्त्रज्ञांनी या डाळीतले ओडॅप हे द्रव्य वेगळे काढले. ते मज्जासंस्थेवर परिणाम करते. पण कधीमधी खाणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. जो सलग काही महिने प्रामुख्याने हीच डाळ खातो, ज्याच्या ताटात दुसरे काही नसते, त्याचे पाय जातात. म्हणजे दुष्काळातला माणूस, आणि ज्याला मजुरीच या डाळीत मिळत असे तो सालदार. रोग डाळीचा, तितकाच उपाशीपणाचा.

१९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. पेरणीवर नव्हती. त्यामुळे शेतकरी पेरत राहिले, घरी खात राहिले, आणि बाजारात तिचे नाव घ्यायचे बंद झाले. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. त्यासाठी नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली, उपोषणे केली. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीची मनाई आहेच. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण कृषिशास्त्रज्ञांनी काढले. माझ्या लहानपणी मात्र यातले काहीच नव्हते. होती ती लाज. आमच्या घरी लाखोरी शिजे, पण पाहुणा आला की आई सांगायची, "तुरीची आहे."

तीन घाणे

आता स्वयंपाकघरात येतो. एका शेतकरी मित्राने घरच्या खाण्यासाठी ठेवलेल्या लाखोरीतून दोन किलो मला दिली.

पहिला घाणा सरळ संशयाप्रमाणे केला. डाळ चक्कीवर दळून तिचे पीठ बेसनात निम्मे मिसळले, नेहमीच्या सोयाबीन तेलात तळले. बोंडा झाला बरा, पण तो माझा नव्हता. कवच गुळगुळीत होते आणि रश्श्यात लगेच मऊ पडले. नुसत्या लाखोरीच्या पिठाचा केला, तर कडवट लागला.

मग बंगालकडचे एक उदाहरण आठवले. बांगलादेशात रमजानच्या उपवासाला संध्याकाळी जे 'पियाजू' खातात, ते अनेक घरांत खेसारीचेच असतात. त्यासाठी पीठ घेत नाहीत. डाळ भिजवून वाटतात, म्हणजे आपल्या वडाभातातल्या वड्यासारखीच. दुसरा घाणा तसा केला. डाळ रात्रभर भिजवली, पाट्यावर जाडसर वाटली, त्यात हळद, तिखट, मीठ आणि बरेच सांबार घातले (इथे कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो, दक्षिणेतल्या सांबाराशी संबंध नाही). आलूच्या गोळ्यावर हे वाटण हाताने थापले. तळून काढल्यावर रंग मातकट, कवच खरबरीत, आणि रस्सा ओतल्यावरही दाताखाली कुरकुरले. पत्नी म्हणाली, "झालं ना आता?" पण वास नव्हता.

वासाचे उत्तर मला मित्राच्या बांधीवर मिळाले. लाखोरीच्या शेजारी जवस निळ्या फुलांवर आला होता. आमच्या भागात पूर्वी घाणीवरून जवसाचे तेल येई आणि तेच खाण्यात असे. गोडेतेल सणाला. तिसरा घाणा जवसाच्या तेलात केला. तेल आधी चांगले तापवून त्याचा कच्चा वास जाऊ दिला. पहिला बोंडा कढईतून निघाला आणि मी खाली बसलो. पुढचे लिहिण्यासारखे नाही. चाळीस वर्षे जो वास ओळखता आला नव्हता तो स्वयंपाकघरभर पसरला होता.

आलू तेवढा गाडीने आलेला. बाकी लाखोरी आणि जवस एकाच बांधीतले, धान कापल्यानंतर उरलेल्या ओलाव्यावर वाढलेले. काकाजींनी मंडईचा पदार्थ केला होता तो त्या हंगामाच्या मातीतून. गुप्त मसाला वगैरे काही नव्हता.

पाणी

एक प्रश्न मात्र उरला होता, आणि तो चवीचा नव्हता. काकाजी लोकांना फसवत होते का?

ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ भिजवून, विशेषतः गरम पाण्यात, आणि ते पाणी टाकून दिले तर त्याचा बराचसा अंश निघून जातो. बेसनात लाखोरीचे कोरडे पीठ मिसळणारा दुकानदार हे काही करत नाही, सगळे द्रव्य पिठातच राहते. भेसळीचा धोका इथे आहे, आणि गुरुजी बोलत होते ते याबद्दल. भिजवून वाटणाऱ्याचे तसे नाही. पण काकाजी पाणी टाकत होते की त्याच पाण्यात वाटत होते, हे मला कळायला मार्ग नव्हता. तो असा मिळाला की, नाटकांच्या जुन्या रसिकांपैकी एकाला त्यांचे गाव ठाऊक होते.

काकाजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. काकी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, ओसरीवर बसून वाल सोलत होत्या. मी सोबत माझ्या घाण्यातले चार बोंडे नेले होते. त्यांनी एक फोडला, कवचाचा तुकडा तोंडात घातला आणि विचारले, "लाखोरी हाय का जी?"

मी हो म्हणालो. भीत भीत विचारले, "बंदी होती ना तेव्हा?"

"इकाले होती. खाले नोती," त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "आमी त तरून इकत होतो."

मी कृती विचारली. त्यांनी बोटे मोजत सांगितले. संध्याकाळी डार ऊन पाण्यात भिजू घालाची. रात्री ते पानी फेकाचा. दुसरा पानी टाकाचा. सकारी तेही फेकाचा. तिसऱ्या पान्यानं धुवाची आन मंग वाटाची. मी विचारले, इतक्या वेळा का? त्या म्हणाल्या, "माही सासू तशीच करे. दुष्कारात ज्याहीनं पानी फेकला नाई, त्याहीच्या घरी लोक बसले, अशी ते सांगे." झाडीत 'बसले' म्हणजे पाय गेले.

रसायनशास्त्राला जे १९६४ मध्ये उमगले, त्यावरचा उपाय त्या सासूबाईंच्या हाताला कितीतरी आधी ठाऊक होता. मी सातवीत जे शिकलो ते अर्धे होते. उरलेले अर्धे कढईच्या पलीकडे उभे होते, आणि मी त्याला लोकांदेखत विष म्हणालो होतो.

ती हकीकत मी काकींना सांगितली. चूल माझ्यामुळे बंद झाली का, हेही विचारले. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता. काकाजी त्या वर्षी का थांबले, हेही नीटसे आठवले नाही. तब्येत असेल म्हणाल्या, किंवा थोरल्याचे लग्न. "पोरं बोलतेतच जी," एवढे बोलून त्यांनी दुसरा बोंडा उचलला. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही, आणि आता मिळणारही नाही.

लाखोरी विकत आणून खा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. कायदा आहे, आणि त्यामागे खऱ्या माणसांचे पाय आहेत. पण आपण ज्याला एखाद्या गावची चव म्हणतो, ती त्या गावच्या शेतातून, टंचाईतून आणि पाणी फेकायला शिकवणाऱ्या बायकांच्या हातातून आलेली असते. शेत बदलले की ती जाते. माझ्या मित्राच्या बांधीत यंदा धान हार्वेस्टरने कापले. उतेऱ्याचे रोप त्याच्या चाकांखाली टिकत नाही, म्हणून लाखोरी पेरलीच नाही. माझ्याकडे मागच्या वर्षीची पावकिलो उरली आहे. तेवढी या मंडईला काकींकडे घेऊन जाणार आहे. भिजत त्यांनीच घालायची, असे ठरले आहे.